बिटाचा रस आणि डब्यातल्या लाल गोळ्या

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते: गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणायचं, आणि आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका त्यात मोडतात. (२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा ५२.२ टक्के निघाला.) त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते. पाळी जाण्याच्या वयाबद्दल विचारणाऱ्यांनी महिनाभर थांबावं, रागावू नये.

पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. काय खाते ते जवळजवळ प्रत्येकीनं लिहिलंय. बीट, खजूर, अंजीर, डाळिंब, यादीच आहे. गोळी कधी घेते, कशाबरोबर घेते, मुळात घेते का, हे मात्र बहुतेकींनी लिहिलेलं नाही. तीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतेय, आणि माझा सगळा वेळ नेमका याच प्रश्नापाशी गेलाय.

मला सातवा महिना लागलाय. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.२ होतं, आता ८.४ आलंय. रोज सकाळी ग्लासभर बिटाचा रस, रात्री चार भिजवलेले खजूर, डाळिंब, सगळं चालू आहे. गोळीही घेते. पोटाला त्रास नको म्हणून सासूबाई ती दुधाबरोबर देतात. तरी रक्त कमीच होतंय. माझं काय चुकतंय? – चिंचवड

तुझं फार काही चुकलेलं नाही. जे चुकलंय ते दुधाच्या ग्लासात आहे, आणि थोडं बिटाच्या.

आधी हे समजून घे, की थोडी घट सगळ्यांचीच होते. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातला पाण्याचा भाग चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतो आणि तांबड्या पेशी वीस-तीस टक्क्यांनीच. पाहुणे आले म्हणून आमटीत पाणी वाढवलं आणि डाळ मात्र मूठभरच घातली, तर आमटी पातळ होणारच. सातव्या-आठव्या महिन्यात ती सगळ्यात पातळ असते. पण हे पातळ होणंही हिशोबात धरूनच ११ची रेघ आखलेली आहे. ८.४ म्हणजे नुसती पातळ आमटी नव्हे, डाळच संपत आलीय.

डाळ कुठं गेली? एका गरोदरपणाला सगळं मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. तीनशेच्या आसपास बाळ आणि वार घेतात, पाचशे तुझ्या स्वतःच्या नव्या तांबड्या पेशींना, उरलेलं रोजच्या झिजेत जातं. हा खर्च नऊ महिन्यांत सारखा विभागलेला नसतो. पहिल्या तीन महिन्यांत पाळी बंद असल्यानं उलट बचत होते, आणि मागच्या निम्म्यात रोज सहा मिलिग्रॅमच्या घरात लोह रक्तात उतरावं लागतं. ताटात असणं वेगळं आणि रक्तात उतरणं वेगळं. आपल्या भात-पोळी-भाजीच्या जेवणातलं पाच टक्क्यांच्या आसपासच लोह अंगी लागतं. चांगलं जेवणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या ताटातही पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पदरात पडतं पाऊण, फार तर एक. उरलेलं साठ्यातून काढायचं. आणि तेराव्या वर्षापासून दर महिन्याला पाळी, आठवड्याला एक उपास आणि घरात सगळ्यांत शेवटी जेवणं असं चाललेल्या मुलीकडे साठा असतो कुठे?

आता बिटाकडे येऊ. मला बीट आवडतं, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर तर फारच. पण शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. तेवढं बिटातून मिळवायचं म्हटलं तर रोज सात-साडेसात किलो बीट किसावं लागेल. त्याचा रंग रक्तासारखा आहे, एवढाच काय तो त्याचा रक्ताशी संबंध. खजूर आणि डाळिंबाचीही गोष्ट थोडीफार तीच. खा, आवडीनं खा. पण ‘रक्त वाढवायला’ म्हणून खाऊ नकोस, कारण मग गोळी चुकली तरी मनाला वाटतं, आज रस घेतलाय की.

आणि दूध. सासूबाईंचा हेतू सोन्यासारखा आहे, त्यांना माझा नमस्कार सांग. पण दुधातलं कॅल्शियम आणि गोळीतलं लोह यांची आतड्याच्या एकाच दारात गर्दी होते आणि लोह बाहेर राहतं. कॅल्शियमच्या गोळीचंही तसंच, दोन्हीत किमान दोन तासांचं अंतर हवं. चहा तर दुधाहून वाईट. जेवणाबरोबर चहा झाला तर त्या जेवणातलं निम्म्याहून अधिक लोह वाया जातं. म्हणून असं कर: लोहाची गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या अर्ध्या ग्लास पाण्याबरोबर. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी, जेवणाबरोबर. चहा सोड असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला जमलेलं नाही. जेवणापासून तासभर लांब ठेव, एवढं पुरे.

तुझ्या आकड्याला दिवसातून एक गोळी पुरत नाही, साधारणपणे दोन देतात. पण तू घेतेस त्या गोळीत किती लोह आहे ते मला इथून दिसत नाही. औषधाच्या दुकानातल्या पाकिटावर नाव मोठं आणि आकडा बारीक असतो, तो आकडा तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि फेरिटिन करायचं का तेही विचार. फेरिटिन म्हणजे कोठारात किती शिल्लक आहे त्याची नोंद. ३०च्या खाली असेल तर कोठार रिकामं समजायचं. गोळी नीट चालू झाल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान एकानं वर यायला हवं. आलं नाही तर गोळीवर आणखी वेळ घालवू नये. सातवा महिना म्हणजे हातात फार महिने नाहीत.

एक कबुली देऊन टाकते. माझ्या पहिल्या खेपेला माझं स्वतःचं ९.१ होतं. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर, दिवसभर बायकांना गोळ्यांवर भाषण देत होते आणि मळमळतं म्हणून माझ्या गोळ्या ॲप्रनच्या खिशात साठत होत्या. वॉर्डातल्या सिस्टरबाईंनी एक दिवस तो खिसा टेबलावर उलटा केला. काही बोलल्या नाहीत. गोळ्या मोजल्या, तेवीस निघाल्या, आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. तेव्हापासून मी पेशंटला ‘गोळ्या घेतेस ना?’ असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘डबा घेऊन ये, मोजू’ म्हणते. एकदा एका सुनेच्या डब्यात १४० निघाल्या होत्या. ती घाबरून रडायला लागली, तेव्हा मी तिला माझ्या खिशाची गोष्ट सांगितली.

सुनेला लोहाच्या गोळ्या दिल्यात. शेजारणी म्हणतात, त्यानं बाळ काळं होतं आणि फार मोठं होऊन बाळंतपण अडतं. सुनेची शौचही काळीकुट्ट होतेय, ते विष तर नव्हे? – एक सासू, तासगाव

काकू, बाळाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीकडून नाही. शेजारणींच्या घरातली मुलं कोणत्या रंगाची आहेत ते विचारणार होते, पण जाऊ द्या.

शौच काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट सून गोळी खरंच घेतेय याची ती पावती आहे. (काळी, चिकट, डांबरासारखी आणि उग्र वासाची झाली, चक्कर येऊ लागली, तर मात्र दाखवा. ती गोष्ट वेगळी.) बद्धकोष्ठ होत असेल तर पाणी वाढवा, रोज एक पेरू द्या, रात्री मनुका भिजवा. तरीही गोळी सोसत नसेल तर डॉक्टर प्रकार बदलून देतात, कमी मात्रेनं सुरू करून वाढवतात. बंद मात्र परस्पर करू नका.

आणि बाळ मोठं होण्याबद्दल. रक्त कमी असलेल्या आईचं बाळ कमी वजनाचं निपजण्याची, दिवस भरायच्या आत येण्याची भीती जास्त. बाळंतपण अडेल म्हणून सुनेला कमी खाऊ घालण्याची रीत आमच्याही भागात होती. त्या रीतीनं बाळंतपणं सोपी झालेली मी पाहिली नाहीत. पाहिली ती दोन किलोची मुलं.

जाता जाता एक काम सांगते. गोळी देण्याचं काम तुम्हीच अंगावर घ्या. ज्या घरात सासू हातावर गोळी ठेवते आणि समोर उभी राहते, त्या घरातला डबा रिकामा निघतो.

कोणाला सांगायची लाज वाटते. मी पाटीवरची पेन्सिल खाते. रोज सात-आठ. पाचवा महिना आहे. आई म्हणते डोहाळे आहेत. – नाव-गाव नको

लाज कसली गं. माझ्याकडे येणाऱ्यांत पेन्सिलवाल्या आहेत, भाजकी माती खाणाऱ्या आहेत, कच्चे तांदूळ मुठीनं तोंडात टाकणाऱ्या आहेत, आणि फ्रिजमधला बर्फ कडाकडा चावणारी एक बँकेतली अधिकारीही आहे. पेन्सिली तर आता खास खाण्यासाठी म्हणून पाकिटातून विकतात, म्हणजे तू एकटी नाहीस हे उघड आहे.

चिंचा-कैऱ्यांचे डोहाळे वेगळे. न खाण्याच्या वस्तूची ओढ लागते तेव्हा बहुतेकदा अंगातलं लोह संपलेलं असतं. आणि चक्र उलटं फिरतं: माती, खडू, पेन्सिल पोटात गेली की ती उरलंसुरलं लोह बांधून ठेवते. मातीतून जंत येतात, कधी शिसंही जातं, आणि ते बाळापर्यंत पोचतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ‘पेन्सिल खाते’ हे दोन शब्दांत सांगून टाक आणि रक्त तपासून घे. लोह भरून यायला लागलं की ही ओढ बहुतेकींची काही आठवड्यांत आपोआप जाते. शपथा घालून जात नाही, आईला तेवढं सांग.

पत्नीला ३४वा आठवडा. आधीचं वजन ५२ किलो. हिमोग्लोबिन ७.६. डॉक्टर सलाईनमधून लोह द्यायचं म्हणतात. रक्त चढवण्यातलाच हा प्रकार आहे का? धोका किती? एवढं महाग इंजेक्शन खरंच लागतं का? – नाशिक

नाही, हे रक्त नव्हे. हे शिरेतून दिलेलं लोह आहे, त्यापासून रक्त तिचं तिलाच बनवायचंय. बाळंतपणाला सहा आठवडे उरलेत. गोळीनं महिन्याला एक, फार तर दीडनं आकडा वाढेल, तोही ती पचली तर. सहा आठवड्यांत ७.६ वरून सुरक्षित जागी पोचायला ही वाट पुरत नाही, म्हणून तुमचे डॉक्टर म्हणतात ते मला पटतं.

किती द्यायचं याचा हिशोब असतो, तो अंदाजपंचे नसतो. गरोदरपणाआधीचं वजन, गुणिले जितकं हिमोग्लोबिन वाढवायचं तो फरक, गुणिले २.४, आणि त्यात साठ्यासाठी ५००. तुम्ही वजन ५२ लिहिलंय. ११ पर्यंत न्यायचं तर ५२ × ३.४ × २.४, म्हणजे ४२४. अधिक ५००. सव्वानऊशे मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज दिलं तर दर वेळी २००, एक दिवसाआड, म्हणजे पाच फेऱ्या. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज दिलं तर बहुधा एका बैठकीत काम होतं. ते महाग आहे हे खरं, पण पाच फेऱ्यांचं रिक्षाभाडं आणि तुमच्या पाच सुट्या त्यात धरून पाहा. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्तसुद्धा मोफत देणारा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. तिथे विचारायला संकोच करू नका.

धोका? जोराची ॲलर्जी क्वचित येते. म्हणून हे जिथे ती सांभाळण्याची सोय आहे अशाच ठिकाणी घ्यायचं, आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. सुईच्या जागी आग झाली तर लगेच सांगायला सांगा. औषध शिरेबाहेर पाझरलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्महिने जात नाही. पूर्वी आम्ही कमरेत लोहाची इंजेक्शनं द्यायचो, ती दुखायचीही आणि डागही पाडायची. अजून कोणी द्यायला निघालं तर नको म्हणा.

आणि तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. साध्या बाळंतपणातही अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणं आम्ही नेहमीचं धरतो. बारा हिमोग्लोबिनची बाई ते सोसते आणि संध्याकाळी पोराला घेऊन बसते. सातच्या बाईला तेवढंच रक्त जातं आणि ती कोसळते. बाळंतपण जिथे रक्ताची सोय आहे अशाच ठिकाणी ठरवा.

मी आशा सेविका आहे. गावातली एक बाई पाच महिन्यांची आहे, हिमोग्लोबिन ७.४. मुकादमाची उचल घेतलीय, दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला कारखान्याला निघणार. ‘कोयता (नवरा-बायकोची जोडी) मोडता येत नाही’ म्हणतात. जाऊ नको म्हणून उपयोग नाही. मी काय करू? – बीड जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘जाऊ देऊ नका’ असं लिहून मोकळं होणं मला सोपं आहे. उचल फेडायची मला नाही.

७.४ म्हणजे तीव्र ॲनिमियाच्या उंबऱ्यावर. ७च्या खाली गेली तर तो तीव्र धरायचा, ५च्या खाली तर ताबडतोब भरती आणि रक्त. म्हणून ती जायच्या आधीचे जे काही दिवस हातात आहेत तेच सोन्याचे. तिला गोळ्यांच्या भरवशावर पाठवू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठा आणि जायच्या आधी शिरेतून लोह देण्याचा आग्रह धरा. पाचव्या महिन्यात ते देता येतं, पहिल्या तीन महिन्यांतच नको असतं. एका बैठकीत देता येणारं औषध मिळालं तर उत्तम, कारण ही बाई पाच वेळा येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. जंतांची अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चौथ्या महिन्यापासून देतात. ती दिलीय का ते कार्डावर पाहा. अनवाणी शेतात राबणाऱ्या बाईच्या आतड्यात आकडी जंत असतील, तर वरून ओतलेलं लोह खालून गळत राहतं.

आता गोळ्या. शिरेतून दिल्यावर गोळी कधीपासून हे डॉक्टर सांगतील. पण ती निघेल तेव्हा तिच्या पिशवीत पूर्ण मुदतीच्या गोळ्या असू द्या. महिन्याच्या देऊन ‘तिकडून घे’ म्हणू नका. आणि वेळ ठरवताना तिचा दिवस डोळ्यांपुढे आणा. ती पहाटे तीनला उठणार, कोरा चहा पोटात टाकून फडावर जाणार, दिवसभर मोळ्या बांधणार, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार, कोपीवर परत येऊन भाकरी थापणार. ‘सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर’ हे तिला सांगणं म्हणजे चेष्टा आहे. रात्री भाकरी खाऊन आडवं होताना, बस्स. भाकरीबरोबर कांदा-लिंबू जमलं तर घे म्हणावं. गोळ्यांची पिशवी कोपीत नजरेसमोर टांगायची. उशाखाली ठेवली तर ती आठवणार नाही, आणि पाऊस झाला तर भिजेल. नवऱ्याला समोर बसवून सांगा. त्याला हिमोग्लोबिन कळायची गरज नाही. ‘बाळंतपणात रक्त गेलं तर वाचणार नाही’ हे कळतं.

मोळ्या डोक्यावरून वाहणं थांबवता आलं तर पाहा. तिनं तोडायचं-बांधायचं आणि नवऱ्यानं वाहायचं असं काही जोड्या करतात. टोळीतल्या एखाद्या वयस्क बाईच्या कानावर घाला. मुकादमापेक्षा तिचं ऐकतात.

माता-बाल संरक्षण कार्डाचे सगळ्या पानांचे फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये काढून द्या, कार्ड हरवतंच. कारखान्याचं नाव आणि गाव लिहून घ्या, आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तुमच्या केंद्राकडून फोन करवा. तुम्ही एकट्या करू नका, अधिकाऱ्यांना करायला लावा, ते त्यांचं काम आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून. तारीख एकच, कुठल्याही जिल्ह्यात गेलं तरी. ‘नऊ तारीख’ एवढंच तिच्या डोक्यात बसवा, त्या दिवशी रक्त तपासायला सांगा. तिचे दिवस मार्चच्या आसपास भरतील, म्हणजे बाळंतपण तिकडेच, फडावर. बसल्याबसल्या धाप लागली, छातीत धडधडलं, पायाला-तोंडाला सूज आली, तर १०८. हे मात्र दोघांच्या तोंडपाठ हवं.

एवढं सगळं करूनही तुमची झोप उडेल, ती उडू द्यायला लागेल. मला पुढे काय झालं ते कळवा.

हिमोग्लोबिन ९.३. लग्नाआधीपासून असंच आहे. वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. आता तिसरा महिना. रिपोर्टमध्ये एमसीव्ही ६४ आणि तांबड्या पेशी ५.४ लिहिलंय. – उल्हासनगर

हे उत्तर अंकाची वाट न पाहता तुला टपालानं आधीच पाठवलंय. इथे बाकीच्यांसाठी देतेय.

लोह कमी असतं तेव्हा पेशी लहान होतात आणि संख्येनंही कमी होतात. तुझ्या पेशी लहान आहेत (एमसीव्ही म्हणजे पेशीचा आकार) पण संख्या भरपूर आहे. ६४ला ५.४नं भागलं तर १२च्या आत येतं, आणि १३च्या खाली आलं की आमचं लक्ष थॅलेसेमिया मायनरकडे जातं, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या दोषाकडे. ते असण्यानं तुला आजारी म्हणायचं कारण नाही. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत ते जास्त सापडतं, पण इतरांतही असतं. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी याच आठवड्यात कर. त्यात ए-टू प्रकारचं हिमोग्लोबिन वाढलेलं निघालं तर नवऱ्याची तपासणी दुसऱ्या दिवशी. दोघांतही असेल तर प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याच दोषाचं गंभीर रूप, असण्याची शक्यता चारांत एक, आणि ते जन्माआधी कळण्याची सोय आहे, फक्त तिला वेळेची घाई आहे. फेरिटिनही कर. थॅलेसेमिया मायनर आणि लोहाची कमतरता दोन्ही एकत्र असू शकतात. साठा भरलेला असेल तर मात्र वर्षानुवर्षं गोळ्या गिळण्यात अर्थ नाही.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांनी यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं नाव घालून वाचावं.

लोह कमी आहे तर नुसतं लोह द्या. त्या गोळीत फॉलिक ॲसिड कशाला? – परळ

परळहून हा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला, कारण त्याचं उत्तर तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडलंय. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयानं मरत होत्या. त्यांच्या तांबड्या पेशी लहान नव्हत्या, उलट नको तेवढ्या मोठ्या होत्या. तिनं त्यांचं ताट पाहिलं, माकडांना तसाच आहार देऊन पाहिला, आणि शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त, काळा, खारट लेप खाऊ घातल्यावर बायका सुधारल्या. त्या लेपात काय आहे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानावरूनच नाव पडलं, फॉलिक ॲसिड. आज तुमच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाशेजारी ५०० मायक्रोग्रॅम ते बसलेलं असतं.

शुद्ध शाकाहारी असाल तर तिसऱ्याचीही चौकशी करा, बी-ट्वेल्व्हची. ते पानांत नसतं. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तेव्हा अर्ध्याहून अधिक जणींत ते कमी सापडलं होतं. दूध-ताक पोटभर घ्या. लोहाच्या गोळीबरोबर नको, हे वर सांगितलंच.

काळीज खाल्लं तर चालेल का? – रत्नागिरी

पंधरवड्यातून एखादे वेळी, थोडं. रोज नको, त्यात व्हिटॅमिन ए फार असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालेलं बाळाला चांगलं नाही. मटण, मासळी खुशाल खा. त्यातलं लोह भाजीतल्यापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागतं, आणि बरोबरच्या भाजीतलंही ओढून घेतं.

बाळंतपण होऊन वीस दिवस झाले. हिमोग्लोबिन १०.८. आता गोळ्या बंद ना? – सोलापूर

नाही. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गरोदरपणात रिकामं झालेलं कोठार आता भरायचंय, आणि अंगावरही पाजायचंय. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू आईनं पाठवले असतील ते खा, पण गोळी वेगळी. बाळंतिणीचा डबा मोजायला कोणी येत नाही, सगळे बाळाकडे बघत असतात. म्हणून बाळाला लशीसाठी न्यायच्या तारखा, सहा, दहा आणि चौदा आठवडे, त्याच तुझ्याही धर. बाळाला टोचून झालं की सिस्टरकडे हात पुढे कर आणि म्हण, माझ्या लाल गोळ्या द्या.